एकोणशंभर

सेमीकोलन

मागच्या रविवारी दुपारी आमच्या घरात ९९ चं बारसं झालं. नवीन नाव ठेवलंय एकोणशंभर.

पार्श्वभूमी सांगतो. मी नाशिकचा, गंगापूर रोडला राहतो. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, पण २०२० पासून घरूनच. लेक सात वर्षांची, दुसरीत, इंग्रजी माध्यम. घरात आई आहे, म्हणजे तिची आजी. आजी-नातीचं अगदी गूळपीठ आहे, फक्त आकड्यांपाशी गाडी अडते. गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) भाजी घ्यायला गेलो की आजी म्हणते, "सदतीस रुपये दे गं मावशींना," आणि नात माझ्याकडे बघते. "बाबा, सदतीस म्हणजे थर्टी सेव्हन की फॉर्टी सेव्हन?" ज्यांच्या घरी हा प्रश्न विचारला जात नाही त्यांनी हात वर करा.

शनिवारी रात्री ठरवलं, तिच्यासाठी छोटंसं काहीतरी लिहू. पडद्यावर आकडा दिसेल, बोट लावलं की मराठीत बोलेल. अर्ध्या तासाचं काम. (सॉफ्टवेअरवाल्यांच्या 'अर्ध्या तासाचं काम' या शब्दप्रयोगावर कुणीतरी वेगळा धागा काढा, मी तिथेही लिहीन.)

इंग्रजीत एक ते नव्याण्णवला सत्तावीस शब्द पुरतात. वन ते नाइन्टीन एकोणीस, ट्वेन्टी ते नाइन्टी आठ, बाकी जोडाजोड. तोच हिशेब मराठीला लावला. एका यादीत एक, बा, ते, चौ, पंच. दुसरीत वीस, तीस, चाळीस. विशीत गाडी बरी धावली, तिशीत खडखडायला लागली, चाळिशीत 'बाचाळीस' ऐकू आलं आणि पन्नाशीत ती आडवीच झाली. कधी लक्ष दिलंय का? एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न यांत 'वन्न' आहे, आणि त्रेपन्न, चौपन्न, छप्पन्न यांत 'पन्न'. का, ते विचारू नका. चाळीस वर्षं हे आकडे तोंडात आहेत आणि मला हे शनिवारी रात्री साडेअकराला कळलं.

आणि सहा! सहा हा बहुरूपी आहे. सोळात 'सो', सव्वीसमध्ये 'सव्', छत्तीसमध्ये 'छत्', सेहेचाळीसमध्ये 'सेहे', छप्पन्नमध्ये 'छप्', सहासष्टमध्ये चक्क स्वतःच्या चेहऱ्याने 'सहा', आणि शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णवमध्ये 'शहा'. नऊ प्रवेश, सात सोंगं.

शेवटी सगळं पुसलं आणि मुकाट शंभर ओळींची यादी टंकली. ऑफिसात कुणी असा कोड पाठवला असता तर रिव्ह्यूमध्ये मीच परत पाठवला असता.

त्या यादीत एकच गोष्ट बघून जिवाला बरं वाटलं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. पुढचं दशक घ्या, एक कमी करा. आठ वेळा इमानदारीत चालणारा नियम. नवव्यांदा बघतो तर 'नव्याण्णव'.

रविवारी लेक खेळायला बसली. क्रमाने नाही, मनाला येईल तो आकडा. २९ दाबला, मग ३९, मग ५९ दोनदा. थांबली. "बाबा, एकोण म्हणजे वन लेस ना?" हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग ६९ आणि ७९ यंत्राच्या आधी स्वतः म्हणून बघितले, बरोबर आले. ८९ पण. मग ९९ वर बोट टेकवायच्या आधीच ओरडली, "एकोणशंभर!"

यंत्र म्हणालं, नव्याण्णव.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा नव्याण्णव. मग माझ्याकडे वळून, आमचे टेस्टर ज्या आवाजात बोलतात अगदी त्या आवाजात म्हणाली, "हे चुकलंय. नीट कर."

मला काही तिला 'तू चुकलीस' म्हणता येईना. अजून म्हटलेलं नाही.

हे कमी होतं म्हणून मी त्यात घड्याळही घातलं. पंधरा मिनिटं झाली की सव्वा, तीस झाली की साडे, पंचेचाळीस झाली की पुढच्या तासाला पावणे. सोपं. आई शेजारी गवार निवडत बसली होती. यंत्र म्हणालं, "पावणेएक." आई गवारीतून मान वर न करता म्हणाली, "पाऊण म्हणावं त्याला." मग पुढे सव्वाएक, साडेएक आणि साडेदोन. दुपारी पाऊण ते अडीच या पावणेदोन तासांत माझं घड्याळ चारदा तोंडावर पडलं आणि त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत एकदाही चुकलं नाही. लेक 'साडेएक' ऐकून खूश होती, कारण ती स्वतः तसंच म्हणते.

तर मंडळी, दोन प्रश्न. एक, ९९ लाच काय धाड भरली? दोन, तुमच्या पोरांनी असे कुठले शब्द काढलेत?

---

खवट_खेकडा

दुसरीतल्या पोरीला शंभरपर्यंत आकडे येत नाहीत आणि बाप धागा काढतोय. आम्हाला छडी होती. आठवड्यात पाठ.

---

मिसळवार

खेकडेराव आले, धागा शंभरी गाठणार. सॉरी, एकोणशंभरी.

---

गोदाकाठची

खेकडा, छडीने पाठ होतात हे खरंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, पाठ झालेली मुलंही पाहिली आणि पाठ होऊन न कळलेलीही.

श्रुतलेखन घालताना मी मुलांच्या वह्यांपेक्षा हातांकडे बघायचे. 'पंचवीस' म्हटलं की काही मुलं आधी ५ काढत, मग त्याच्या डाव्या बाजूला २ आणून बसवत. कानावर पाच आधी आला, तो त्यांनी आधी लिहिला. उत्तर बरोबर, पण हात उजवीकडून डावीकडे. ज्यांना डावीकडे जागा सोडायचं भान राहत नसे ती ५२ लिहून मोकळी होत. त्यांना 'लक्ष नाही तुझं' म्हणणं फार सोपं असतं. खरं तर जास्तच लक्ष देऊन ऐकलेलं असतं.

एकोणची गंमत तर आणखी वाईट. 'एकोणसाठ' म्हटलं की निम्मा वर्ग ६९ लिहायचा. साठ ऐकलं ना, मग सहा आलाच पाहिजे, आणि एकोण म्हणजे नऊ हे कुठेतरी अर्धवट ठाऊक. मी दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे बाकावर मांडायचे आणि सगळ्यांसमोर एका गठ्ठ्यातली एक काडी काढून पदराखाली लपवायचे. मग 'आता किती?' ती लपवलेली काडी म्हणजे एकोण. त्यानंतर चुका थांबल्या असं नाही, पण कमी झाल्या.

सेमीकोलन, तुमच्या मुलीने काडीशिवाय हे ओळखलं. तिला पेढा द्या. आणि यंत्र दुरुस्त करू नका, तिला दोन्ही सांगा.

---

सेमीकोलन

बाई, पदराखालची काडी वाचून मी दहा मिनिटं काम थांबवलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणे, "आमच्या गुरुजींनी हे केलं असतं तर मी मॅट्रिक झाले असते."

---

स्टुटगार्टची_सून

इथे जर्मनीतही हाच गोंधळ. पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात, लिहितात मात्र आपल्यासारखंच २५. माझा मुलगा घरी मराठी, शाळेत जर्मन, टीव्हीवर इंग्रजी. फोन नंबर सांगताना तिन्ही भाषा एकमेकींच्या पायात पाय घालतात. आम्ही आता नंबर एकेक आकडा सुटा करून सांगतो, नवरासुद्धा.

सहाच्या सात सोंगांना दंडवत. कधी लक्षातच आलं नव्हतं.

---

बगळा

धागाकर्त्याशी व्यवसायबंधू म्हणून सहानुभूती. शंभर ओळींची यादी करण्यात कमीपणा नाही, हिंदीलाही तेच करावं लागतं. शतकानुशतकं लोकांच्या जिभेवर झिजलेले शब्द आहेत ते. षड्विंशतीचं घासून घासून सव्वीस झालं. घासताना प्रत्येक शब्द वेगळ्या बाजूने झिजला, त्यामुळे आता नियम शोधायला गेलं तर हाती यादीच लागते.

आता मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालतो. २०१९ आठवतंय का? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' आलं होतं. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरं आणि बोलण्या-लिहिण्याचा उलटा क्रम यामुळे लहान मुलं अडखळतात, म्हणून. कानडीत आजही एकवीसला इप्पत्तोंदु म्हणतात, म्हणजे वीस-एकच.

---

खवट_खेकडा

आणि महाराष्ट्राने त्याची योग्य ती संभावना केली. विधिमंडळापर्यंत गेलं होतं प्रकरण. 'वीस एक' म्हणणारा मुलगा उद्या 'पन्नास दोनकशी सोनं' मागेल सराफाकडे. आणि छत्तीसचा आकडा कसा समजावणार त्याला? तीस-सहाचा आकडा?

---

बगळा

बावन्नकशी राहीलच की. जुनी रूपं काढून टाकलीच नव्हती, दोन्ही दिली होती. पुस्तक न बघता सगळे बोलले.

---

गोदाकाठची

मी तेव्हा नुकती निवृत्त झाले होते, तरी शेजारच्या मुलावर प्रयोग करून पाहिला. 'सत्तर आठ' म्हटलं की तो झटकन ७८ लिहायचा. 'अठ्ठ्याहत्तर' म्हटलं की आधी पेन्सिल चावायचा. पण त्याच्या आईला ते सहन होईना. म्हणाली, बाजारात गेल्यावर हा काय बोलणार? तिचंही चूक नव्हतं. मला विचाराल तर शिकवताना पायरी म्हणून ते उत्तम होतं. पायरीवर कुणी मुक्काम करत नाही. पण तेव्हाच्या आरडाओरड्यात हे बोलायला जागाच नव्हती, आणि नारळीकर बाईंबद्दल जे काही लिहिलं गेलं ते वाचून फार वाईट वाटलं होतं.

---

खवट_खेकडा

बाईंपुढे काय बोलणार. पायरीपुरतं मान्य. बावन्नकशीला हात लावायचा नाही.

---

मिसळवार

खेकड्याने 'मान्य' लिहिलं! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

औटघटका

वय वर्षं पाऊणशे. नात टंकून देते आहे, चुका तिच्या.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, पाऊणला पावणेएक म्हणणाऱ्या यंत्राला त्यांनी बरोबर वळण लावलं. आम्ही पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणायचो. दिवेलागणीला, ओट्यावर, सुरात. निमकी म्हणजे अर्ध्याचा पाढा: एक निम निम, बे निम एक. दिडकी दीडचा. औटकी साडेतीनचा, कारण औट म्हणजे साडेतीन. औट घटकेचा राजा म्हणतात तो तेवढाच. एक घटका २४ मिनिटांची, तेव्हा साडेतीन घटकांचं राज्य ८४ मिनिटांत आटोपतं.

तुमच्या लेकीला सांगा की दीड आणि अडीच हे चुकार शब्द नाहीत. त्यांचे स्वतःचे पाढे होते, ते घरचे मालक आहेत. साडेतीनपासून पुढचे सगळे भाडेकरू. औटही मालकच होता, त्याला आपण घराबाहेर काढलं.

---

सेमीकोलन

काकू (आजी म्हणू का?), तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावला आहे.

घड्याळाचं पुढचं ऐका. चारही चुका दुरुस्त केल्या. मग लेकीने नवीनच बग काढला. यंत्र म्हणालं, "दीड वाजले." ती म्हणाली, "आजी म्हणते दीड वाजला." मी आईला एकेक वेळ विचारत गेलो आणि ती गवारीसारखीच निवडून सांगत गेली. पाऊण वाजला. एक वाजला. सव्वा वाजला. दीड वाजला. पावणेदोन वाजले. तिथून पुढे सगळे वाजले.

रुपयांचंही तेच. दीड रुपया, पण पावणेदोन रुपये. म्हणजे दीडपर्यंत एकवचन, आणि दोन पूर्ण व्हायच्या पंधरा मिनिटं आधीच अनेकवचन सुरू. नावात दोन आला की झालं, त्यातले पाव कमी आहेत याची भाषेला फिकीर नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय एवढं?" खरंच. तिच्यासाठी काहीच नाही.

---

देवळालीकर

आकड्यांवर एवढी चर्चा, धागा नाशिकचा, आणि अजून कुणी कापरेकर गुरुजींचं नाव घेतलं नाही? निषेध!

नवीन मंडळींसाठी: द. रा. कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. १९३० ते १९६२ आमच्या देवळालीत शाळामास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही, आणि आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात तो ६१७४ त्यांचा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येणारच, आणि आला की तिथेच फिरत राहणार.

आपल्या सिंहस्थाचं २०२७ घेऊ.
७२२० − ०२२७ = ६९९३
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४
चार डुबक्यांत काम झालं.

सेमीकोलन, तुमच्या लेकीसाठी खास गुरुजींच्या दुसऱ्या एका शोधातून. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतले तर १५ + १ + ५ = २१. म्हणजे १५ हा २१ चा जनक. काही संख्यांना मात्र जनकच सापडत नाही. त्यांना गुरुजींनी आपल्या गावाचं नाव दिलं, 'देवळाली संख्या'. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२ अशा अकराच्या उड्या मारत १०८ पर्यंत. तुमची लेक सात वर्षांची ना? मग ती सध्या देवळाली संख्येत आहे. पुढच्या वर्षी नसेल, आठचा जनक चार आहे.

---

सेमीकोलन

देवळालीकर, तुम्ही काय करून ठेवलंत! लेक दोन दिवस घरातल्या प्रत्येकाच्या वयाचा जनक शोधते आहे. आजी ६४, म्हणजे देवळाली. मी ४१, माझा जनक ३४ निघाला. "बाबा, तुला जनक आहे, आजीला नाही," हे ती शेजारच्या काकांना सांगून आली.

आणि ९९ चा जनक ९०. तपासून झालं.

---

टंकनिक

धागाकर्त्याने आकड्यांचं सांगितलं, मी अक्षरांचं सांगतो. अवांतर वाटलं तर संपादकांनी उडवावं. तुमच्या लेकीला विचारा, 'नाशिक'मध्ये अक्षरं किती? मग यंत्राला विचारा.

---

सेमीकोलन

लेक: तीन. यंत्र: पाच.
'त्र्यंबकेश्वर'चं विचारलं. लेक (बोटांवर, त्र्यं-ब-के-श्व-र): पाच. यंत्र: तेरा.
लेक: "कॉम्प्युटरला मोजता येत नाही का?"

---

बगळा

तो मात्रा, वेलांट्या आणि हलन्ताचे पाय सुटे मोजतो. न, काना, श, वेलांटी, क, झाले पाच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात जगभरची अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, ते सगळे वेगवेगळे बसलेत. 'श्व'सारखं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम त्यांच्या प्रमाणात आला तो थेट २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत. म्हणजे तुमच्या लेकीचं गणित त्यांना पटायला २०२३ उजाडावं लागलं. सगळ्या प्रोग्रामांपर्यंत ते पोचायला आणखी वेळ जाईल, तोवर ती दहावीला असेल.

---

टंकनिक

धन्यवाद बगळा. मी मराठी टंकयंत्रावर आयुष्य काढलं, कोर्टाच्या बाहेर. 'नाशिक' टंकायचा तर 'ना' नंतर आधी वेलांटी मारायची, मग श. कागदावर वेलांटी श च्या डावीकडे असते, तेव्हा आधी तीच. आता संगणकावर आधी श आणि मग वेलांटी, आणि ती उडी मारून मागे जाऊन बसते. पहिल्या दिवशी मला वाटलं यंत्र बिघडलं. पहिलीतल्या मुलांनाही मी बघतो, काही आधी वेलांटीची दांडी काढून मग अक्षर काढतात. ती माझ्या घराण्याची.

---

गोदाकाठची

पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो पण नंतर लिहायचा. 'शि'मध्ये वेलांटी आधी दिसते पण नंतर बोलायची. बिचारी पोरं.

---

मिसळवार

अवांतरात भर. भावाच्या मुलाला पुरात गंगेवर नेलं होतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कमरेपर्यंत पाणी होतं. तो म्हणाला, "कंबर म्हणजे किती फूट?" मी म्हटलं, "एक मारुतीकंबर." घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "पूर वन कंबर आहे." आता आमच्या घरी पाऊस कंबर, छाती आणि मान यांतच मोजतात.

---

पाठशाळा

उशिरा आलो. ९९ ला काय धाड भरली, या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही म्हणून.

एकोण म्हणजे एक + ऊन, एकाने कमी. संस्कृतात एकोणीसला एकोनविंशती, आणि सरळ नवदशही चालतं. तिथे बऱ्याच ठिकाणी दोन्ही वाटा उघड्या होत्या. मराठीने एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत वजाबाकीची वाट धरली आणि ९९ ला नवनवतीवरून आलेलं नव्याण्णव घेतलं. हिंदीने ८९ लाही सरळ वाट धरली, तिथे नवासी म्हणतात. लॅटिनवाले आणखी पुढचे, ते अठराला 'वीसला दोन कमी' म्हणत.

आता मुद्द्याचं. संस्कृतात ९९ ला नवनवतिः म्हणतात, तसंच एकोनशतम् पण म्हणतात.

कन्येला साष्टांग नमस्कार.

---

सेमीकोलन

थांबा. म्हणजे एकोणशंभर बरोबर आहे?

---

पाठशाळा

मराठीत चूक, संस्कृतात बरोबर. आपल्यापैकी किती जणांना असं चुकता येईल?

---

खवट_खेकडा

बरं, आता एक विचारतो, खवटपणा नाही. १९९ ला काय म्हणते ती?

---

सेमीकोलन

झोपली आहे. उद्या विचारतो.

---

मिसळवार

एकोणदोनशे. माझे पाच रुपये.

---

बगळा

माझेही पाच. एकोणदोनशेवर.

---

सेमीकोलन

सकाळी रिक्षाची वाट बघताना विचारलं. बूट घालता घालता म्हणाली, "एकशे नव्याण्णव."

मी म्हटलं, "आणि नाइन्टी नाइन?"

"नव्याण्णव. आजीने सांगितलं ना परवा." आणि रिक्षात बसून गेली.

मिसळवार, बगळा, दोघांचे पाच-पाच रुपये खेकड्यांना.

---

खवट_खेकडा

नकोत पैसे. तुमच्या यंत्रात आता काय आहे?

---

सेमीकोलन

मी शुक्रवारी रात्री तिच्यासाठी बदललं होतं. तिथे अजून एकोणशंभरच आहे.